मुक्या शिंगाचं वतन

४ ऑगस्ट

भिंगरी,

खुशाली नंतर. आधी काम. शिंग वाजत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. एरवी तुला पत्र लिहिण्याइतकी रिकामी मी नाही.

तुझे बाबा दर यहुदी वर्षारंभाला प्रार्थनालयात जे फुंकायचे ते आपलं मेंढ्याचं शिंग, बाबा वारल्यावर रिवाजाप्रमाणे तुझ्या चुलत भावाकडे, दादाकडे गेलं. दादा थोरला, पुरुष, अंगाने धडधाकट, फर्निचरच्या दुकानात दिवसभर कपाटं ढकलणारा. त्याला दम कमी पडेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. गेले काही महिने तो फुंकतो आहे आणि शिंगातून नुसता वारा येतो. परवा शेजारीण विचारायला आली, घरात कुणाला दम्याचा त्रास आहे का.

पणजोबांची शर्त तुला पाठ आहे. घराण्यातलं कोणी वाजवील तोवर शिंग घराण्याचं. आवाज थांबला की प्रार्थनालयाच्या मंडळाचं. मंडळाने ७ सप्टेंबरला, रविवारी, सगळ्यांसमोर चाचणी ठेवली आहे. वाजलं नाही तर शिंग संग्रहालयाला जाईल. कारभाऱ्यांनी काचेच्या पेटीचं मापसुद्धा घेऊन ठेवलं. माणूस आजारी पडताच खांदेकरी ठरवावेत तशातला प्रकार.

मला एवढंच सांग. शेवटच्या वर्षी तुझ्या बाबांनी शिंगाला काही केलं होतं का? तेल लावलं, तासलं, गरम पाण्यात घातलं, हातातून पाडलं? तू तेव्हा रजा घेऊन घरी होतीस. खरं लिही. रागावणार नाही असं वचन देत नाही.

आत्या

ता. क. तू करून दिलेली कवळी बरी बसली आहे. मीही शिंग फुंकून पाहिलं. वाजली ती कवळी.


१० ऑगस्ट

प्रिय आत्या,

बाबांनी शिंग बिघडवलं असं तुला वाटलंच कसं? ते त्याला पाणी लागू देत नव्हते. आईने एकदा ओल्या फडक्याने पुसलं तर दिवसभर बोलले नव्हते तिच्याशी. शेवटच्या आजारपणातही उशाशी होतं. काही केलं नाही, काही झालं नाही. झालं समाधान?

तुझं पत्र कामावर वाचलं. समोर कुणाच्या तरी वरच्या दातांचा साचा होता, तो तसाच सोडून बाहेर जिन्यात जाऊन रडले. आणि मग, आत्या, रडता रडता एकदम उभी राहिले. दादाला येत नाही तर मला द्या ना ते! मी आहे की!

नाही म्हणायच्या आधी ऐक. लहानपणी सज्ज्यात बायकांमध्ये बसून मी मूठ ओठाला लावायचे आणि बाबांबरोबर सगळ्या हाका मुक्याने फुंकायचे. लांब हाक, मग तुटक, मग एकदम बारीक बारीक, मग पुन्हा लांब. तू माझ्या हातावर चापटी मारायचीस. मला अजून सगळं येतं, फक्त शिंग हातात नाही.

आणि हे माझ्या मनाचं नाही, शास्त्रातलं आहे. वाळवंटात बाप मेला, त्याला मुलगा नाही. त्याच्या पाच मुली सगळ्या लोकांसमोर, पुढाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसायचं, त्याचं वतन आम्हाला द्या, म्हणाल्या. आणि वरून निवाडा आला की मुलींचं बरोबर आहे. माझ्या बाबांनाही मुलगा नाही. त्या पाच होत्या, मी एकटी आहे. पण आवाज मी पाचजणींचा काढीन.

तुझी,
भिंगरी


१४ ऑगस्ट

भिंगरी,

मी प्रश्न विचारला होता, अर्ज मागवले नव्हते.

तुझ्या बाबांवर मी ठपका ठेवला नाही. तो तुझा बाप व्हायच्या आधी माझा भाऊ होता. पंप तपासणीच्या खात्यात मी उभी हयात काढली. यंत्र अडलं की शेवटी कोणी हात लावला हे आधी विचारायचं, एवढंच मी केलं.

आता तपासणीचा निकाल. शिंग दादाकडून तपासायला आणलं. उभी चीर गेलेलं शिंग आपल्यात चालत नाही, म्हणून पहिली शंका तीच. टोक बोटाने बंद करून पाणी भरलं, कोरड्या कागदावर धरलं. कागद कोरडा राहिला. आत कचरा नाही, जाळं नाही. तुझ्या आईला कळवू नकोस की मी पाणी घातलं. शिंग ठणठणीत आहे.

एकच गोष्ट खटकली. फुंकायच्या टोकाची कड सरळ कापलेली नाही. तिरकी आहे, आणि एका बाजूने झिजून गुळगुळीत झाली आहे. म्हणून मी चौकशी सुरू केली की तुझे बाबा शिंग तोंडाच्या कुठल्या बाजूला लावायचे. दादा म्हणाला, उजव्या. कारभारी म्हणाले, उजव्या, आणि ग्रंथातही उजवीच सांगितली आहे. पुढच्या बाकावरचे म्हातारे वैद्य म्हणाले, उजव्या, शपथेवर. मग मी सज्ज्यातल्या दोघी जुन्या बायकांना विचारलं. दोघी म्हणाल्या, डाव्या. मला स्वतःलाही डावीच आठवते. पुरुष सगळे उजवे, बायका सगळ्या डाव्या! एका नळाला दोन बाजूंनी पाणी आलेलं मी नोकरीत कधी पाहिलं नाही. कोणीतरी खोटं बोलतं आहे असं म्हणावं, तर खोटं बोलण्यात कुणाचा फायदा दिसत नाही.

त्या पाच बहिणींचं म्हणशील, तर गोष्ट तू निम्मीच वाचलीस. पुढे त्यांच्या कुळातले पुढारी तक्रार घेऊन आले: मुली बाहेर लग्न करतील आणि वतन दुसऱ्या कुळात जाईल. मग अट पडली की घराण्यातच लग्न करा. वतन मागताना त्यामागची अटही मागायची असते. ते तुला झेपणार आहे का, याचा विचार कर.

आत्या


१९ ऑगस्ट

भिंगरे,

आत्याने तुझं पत्र मला वाचून दाखवलं. म्हणजे तुला शिंग पाहिजे! लहानपणी माझी सायकल पाहिजे होती, आता शिंग. अगं, घे बाई, एकदा वाजवून दाखव नि घे. माझे गाल बघ येऊन, बेडकासारखे झालेत. तुझी वहिनी मला दुकानातल्या मोठ्या कपाटात बसून सराव करायला लावते. गिऱ्हाइकाने परवा दार उघडलं आणि मी आत. कपाट विकलं गेलं नाही.

चेष्टा राहू दे. मी काकांच्या पुढ्यात, शास्त्राच्या पवित्र गुंडाळ्या ठेवतात त्या कपाटाच्या पायरीवर बसून मोठा झालो. मान कशी कलती करायचे, कुठल्या बाजूला, डोळे कसे मिटायचे, सगळं उतरवून घेतलं. मान कलती करण्यात केवढी नम्रता होती! मी सगळं तसंच करतो आणि शिंग मला ओळखच देत नाही. हे लागतं गं मनाला. पाणी तपासून काय होणार, मी नालायक आहे हे पाण्यात दिसतं का?

संग्रहालयवाले माणसं चांगली आहेत. पेटीखाली पितळेची पाटी लावणार, त्यावर आपल्या घराण्याचं नाव. रोज शंभर माणसं वाचतील. माझ्या हातून हसं होण्यापेक्षा ते काय वाईट? आत्याला हे बोललो तर तिने त्या मळेवाल्याची गोष्ट काढली. राजाला शेजारचा मळा हवा होता. बदल्यात याहून चांगला मळा देतो म्हणाला, पैसे देतो म्हणाला, आणि तो माणूस म्हणाला, वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही. मी म्हटलं, आत्या, दगड पडून मेला होता तो शेवटी. तर म्हणते, पडू देत, राजा आणि तो, नाव कुणाचं चांगलं राहिलं ते बघ.

सांग आता, हिच्याशी कोण बोलणार!

दादा


२१ ऑगस्ट

आत्या! आत्या! कोणीच खोटं बोलत नाहीये!

हे पत्र नीट बसून वाच, चष्मा लाव, कवळी घट्ट कर.

काल मी गंमत म्हणून पेशंटच्या दातांची नोंद करतो ते एक कोरं कार्ड घेतलं आणि तू सांगितलेले सगळे साक्षीदार त्यावर मांडायला बसले. आमच्या कार्डावर माणूस आपल्याकडे तोंड करून बसलेला असतो. त्याची उजवी दाढ कागदावर आपल्या डाव्या हाताला येते. या धंद्यात आलं की पहिली शिकवण हीच: समोरच्याची बाजू ती तुमची बाजू नव्हे. मी उजवं म्हणणाऱ्यांची खूण केली, डावं म्हणणाऱ्यांची केली, आणि पेन्सिल हातातच राहिली.

बाबा मधोमधच्या चौथऱ्यावर गुंडाळ्यांच्या कपाटाकडे तोंड करून उभे राहायचे. दादा कुठे बसायचा? कपाटाच्या पायरीवर, त्यांच्या समोर! वैद्य, कारभारी, पुढचे बाक, सगळे समोर. आरशासमोर बसल्यासारखे. बाबांची डावी त्यांना त्यांच्या उजव्या हाताला दिसायची. त्यात ग्रंथात उजवी सांगितलेली, मग शंका कोण घेतो? आणि आपण कुठे होतो? मागे, वर, सज्ज्यात! आपल्याला त्यांची पाठ दिसायची. पाठमोऱ्या माणसाचं डावं ते आपलंही डावंच.

मला मागे बसवलं, आत्या, म्हणून मला बरोबर दिसलं!

आणि दादाची ती नम्रता! बाबा मान कलती करायचे ती नम्रतेने नव्हे, तिरकी कड डाव्या ओठाखाली बसवायला. दादा बिचारा उजवीकडे तीच मान कलती करतो आणि कड ओठापासून उचलून धरतो. वाजेल कुठून? टोक ज्याने कापलं त्या आपल्या पूर्वजाच्या उजव्या बाजूचे पुढचे दात गेलेले असणार, यावर मी पैज लावते. त्याने स्वतःच्या तोंडासाठी कापलं आणि आपण सगळे त्याच्या तोंडाने फुंकतो आहोत.

सोबत गुलाबी मेणाचे दोन पत्रे पाठवते आहे. कोमट पाण्यात मऊ कर, शिंगाच्या टोकावर हळूच दाब, गार झालं की काढ, कापसात गुंडाळून परत पाठव. जोरात दाबू नकोस. तू जोरात दाबणार हे मला माहीत आहे.

भिंगरी


२६ ऑगस्ट

भिंगरी,

पुरावा तपासल्याशिवाय मी काही मानत नाही. पत्र मिळालं त्याच दुपारी प्रार्थनालयात गेले. कारभाऱ्यांना चौथऱ्यावर उभं केलं, हातात वर्तमानपत्राची सुरळी दिली आणि सांगितलं, डाव्या ओठाला लावा. ते म्हणाले, बाई, हा काय पोरखेळ. मी म्हटलं, पोरांनीच पाहिलंय ना, मग पोरखेळच करून बघू.

आधी पुढच्या पायरीवर बसले. या वयात पायरीवर बसणं सोपं नाही. सुरळी मला उजवीकडे दिसली. मग जिना चढून सज्ज्यात गेले, तुझ्या जागेवर. सुरळी डावीकडे. पुन्हा खाली, पुन्हा वर. कारभारी म्हणाले, आता हात दुखायला लागला. मी वरूनच ओरडले, हलू नका! प्रार्थनालयात मी ओरडल्याची ही पहिलीच वेळ.

तुझं बरोबर आहे.

अक्षर वाकडं आलं असेल. चष्मा शोधायला थांबले नाही, तशीच लिहिते आहे. आपलं शिंग मुकं नव्हतं, भिंगरी. आपण ते चुकीच्या बाजूला लावून त्यालाच मुकं ठरवून मोकळे होत होतो. आणखी बारा दिवसांनी काचेत बंद केलं असतं, पितळेच्या पाटीसकट!

मेणाचा ठसा सोबत आहे. पहिला बिघडला. जोरात दाबला गेला.

दादाला सगळं सांगितलं. त्याला पटत नाही. म्हणाला, जन्मभर डोळ्यांनी पाहिलेलं खोटं आणि भिंगरीचं कार्ड खरं? चाचणीत तो त्याच्याच पद्धतीने फुंकणार आहे. त्याला अडवायचा मला अधिकार नाही, पहिली पाळी त्याची. पण घराण्याला दुसरी पाळी असू नये असं शर्तीत कुठे म्हटलेलं नाही. ७ तारखेला ये. सरावाला शिंग नाही ही अडचण आहे. त्यावर मला उपाय सुचत नाही.

आत्या


१ सप्टेंबर

आत्या,

उपाय झाला!

तुझ्या ठशावरून प्लास्टरचं टोक ओतलं, हुबेहूब, झीज आणि तिरकेपणासकट. त्याला रबरी नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला नरसाळं. दिसतं असं की सांगायला नको. डावीकडे लावलं, मान बाबांसारखी कलती केली, डोळे मिटले.

पहिल्यांदा थुंकी. दुसऱ्यांदा वारा. तिसऱ्यांदा अशी हाक निघाली की शेजारच्या खोलीत डॉक्टरांनी दात ओढायच्या आधीच पेशंट उठून बाहेर आला. डॉक्टर चहाचा कप हातात घेऊन दारात उभे, अर्धा चहा शर्टावर. "कोण मेलं?" म्हणाले. मी म्हटलं, कोणी नाही, उलट!

मग उजवीकडून लावून पाहिलं. तोच दादाचा वारा. पुन्हा डावीकडे, पुन्हा हाक. आता रोज काम संपल्यावर सगळे दार लावून घेतात आणि मला म्हणतात, चालू दे. लांब हाक अजून शेवटाला घसरते. सहा दिवस आहेत.

तू विचारलं होतंस, अट झेपेल का. अटीचं पुढे बघू. त्या पाचजणींनी आधी मागितलं, अटी नंतर आल्या. न मागणाऱ्याला अटसुद्धा कोणी घालत नाही.

शनिवारी दिवस मावळल्यावर गाडीत बसते.

भिंगरी


७ सप्टेंबर

दादा,

तुझी पाळी संपल्यावर तू टोपी उचलून निघून गेलास, म्हणून पुढचं लिहून कळवते आहे. तोंडी सांगितलं असतं, पण तू दार उघडणार नाहीस.

तू हरलास असं मी म्हणणार नाही. तू घामाने निथळेपर्यंत फुंकलंस. कारभारी आणून ठेवलेल्या काचेच्या पेटीकडे बघू लागले. तेव्हा मी म्हटलं, घराण्याची दुसरी पाळी आहे, आणि भिंगरी सज्ज्यातून खाली आली.

गलका झाला. वैद्य म्हणाले, बाईमाणूस चौथऱ्यावर? मी म्हटलं, आज चाचणी आहे, प्रार्थना नाही. झाडायला बाई रोज चढते तेव्हा कुणी हरकत घेत नाही. ती चढली. तुझ्या जागेवरच उभी राहिली, कपाटाकडे तोंड करून. शिंग डावीकडे लावलं, मान कलती केली. दादा, पाठीमागून ती हुबेहूब माझा भाऊ दिसली. मी सज्ज्याच्या कठड्यावरून वाकून बघत होते.

पहिली फुंक वाया गेली. कुणीतरी हसलं. भिंगरीने ओठ पुसले आणि पुन्हा लावलं.

मग वाजलं! लांब हाक, छताला लागून परत आली इतकी. मग तुटक, मग बारीक, मग पुन्हा लांब, आणि या वेळी शेवट घसरला नाही. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सज्ज्यातली एक म्हातारी उठून उभी राहिली आणि "हाच तो, हाच!" म्हणून रडायला लागली. वैद्यांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. मी टाळी वाजवली. वाजवायची नसते, हे मला ठाऊक आहे.

मग वाद. कारभारी म्हणाले, वाजवलं खरं, पण वतन मुलीकडे? मी पाच बहिणींची गोष्ट सांगितली. तेही कच्चे नाहीत, त्यांनी लग्नाची अट काढली. भिंगरी म्हणाली, "माझं लग्न आजच्या कामकाजात आहे का?" सगळे हसले, कारभारीही. शेवटी वैद्य उठले आणि म्हणाले, शर्त आवाजाची होती, तो मी ऐकला. ज्याला नसेल ऐकू आला त्याने माझ्याकडे कान तपासायला यावं. मंडळाने शिंग घराण्याकडे ठेवलं, भिंगरीच्या नावावर. संग्रहालयाला नकार कळवायचं काम कारभाऱ्यांकडे.

आता तुझ्यापुरतं. तू नालायक नव्हतास. तुला समोर बसवलं, मानाच्या जागी, आणि त्या जागेवरून उलटं दिसतं. जे दिसलं ते तू इमानाने जसंच्या तसं केलंस. ही चूक इमानी माणसाच्याच हातून होते. चंचल माणसाने चारदा जागा बदलून पाहिलं असतं.

वर्षारंभाला कोणी वाजवायचं हे आता भिंगरीने ठरवायचं आहे. ती रजा वाढवून राहिली आहे, माझ्याकडे. दार उघड.

आत्या


९ सप्टेंबर

आत्या,

दार उघडलं. बाहेर तूच उभी असशील असं वाटलं होतं, तर कोणी नव्हतं. हिरमोड झाला.

त्या दिवशी मी घरी गेलो नव्हतो. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा होतो. तिथवर ऐकू आलं. काकाच वाजवतायत म्हणून मी दोन पावलं परत फिरलो, खरं सांगतो. मग आठवलं, आणि मग राग आला, आणि मग राग टिकेना.

भिंगरीला विचार, मागे उभं राहायला कधी येऊ? आरशातलं सगळं विसरायला मला वेळ लागेल. आणि तिला म्हणावं, माझी सायकल तिने मोडली होती ते मी विसरलेलो नाही.

वहिनीचा निरोप: कपाटातला सराव बंद झाला तर ती दोघींना जेवायला बोलावेल.

दादा


१८ सप्टेंबर

हस्तांतराची नोंद. लिहिणार: आत्या. कारभारी आणि वैद्य साक्षीला हजर.

आज प्रार्थनालयात, चौथऱ्यावर, घराण्याचं मेंढ्याचं शिंग दादाने स्वतःच्या हाताने भिंगरीला दिलं. सोबत कापडी पिशवी आणि टोक झाकायचा चामडी तुकडा. शिंगाला चीर नाही, डाग नाही. फुंकायची कड डाव्या बाजूने झिजलेली आहे, ती तशीच ठेवायची, कुणी सरळ करू नये.

वर्षारंभाला पहिल्या दिवशी दादा वाजवील, दुसऱ्या दिवशीचं भिंगरी त्याचा पहिला दिवस ऐकून ठरवील. दादाला हे मान्य आहे. काल त्याची लांब हाक निघाली. तुटक अजून निघत नाही.

या घराण्यातल्या ज्या कुणाला, मुलगा असो वा मुलगी, हे शिंग शिकायचं असेल त्याने वाजवणाऱ्याच्या समोर बसू नये. मागे उभं राहावं.

देणाऱ्याची सही घेतली. घेणारीने वाजवून घेतलं.